पुण्यातलं ऑफिस की रत्नागिरीतलं घर?

माझ्या मावसबहिणीला ऑफिसांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्टार्ट-अपमध्ये प्रॉडक्ट डिझायनरची नोकरी लागलीय. पुण्यात राहायचं की रत्नागिरीच्या घरून काम करायचं, तिचं ठरत नाहीये. मी दोन्ही केलंय.

खर्चात घर सरळ जिंकतं. भाडं नाही, डबा नाही.

वीज आणि नेटचं पावसाळ्यात काही खरं नसतं. राऊटर इन्व्हर्टरवर हवा, दुसऱ्या कंपनीचं सिम हाताशी हवं. फिग्मात, म्हणजे आम्ही डिझाइनसाठी वापरतो त्या ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये, आधीच उघडलेल्या फाईलवर नेट गेलं तरी काम चालू राहतं, नेट आलं की बदल आपोआप चढतात. मीटिंगचं तसं नाही.

शिकणं हा माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा. पुण्यात रजेच्या अर्जाची स्क्रीन डिझाइन करताना मी एका ग्राहकाकडे एचआरच्या ताईंशेजारी बसले. कॉलवर त्यांनी ‘सगळं छान आहे’ सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्या अर्ध्या दिवसाची रजा वहीत लिहीत होत्या, कारण आमच्याकडे ती सोय तीन क्लिक आत दडली होती. डेव्हलपरच्या टेबलाशी उभं राहून दोन दिवसांत ते बटण वर आणलं. घरून हे मला कळलंच नसतं.

डिझाइन सिस्टीमचं, म्हणजे सगळ्या स्क्रीनवर वापरायच्या बटणं-रंग-अक्षरांचा एकसारखा संच बनवायचं, एकाग्रतेचं काम मात्र घरीच चांगलं होतं.

तूही अशाच पेचात असशील तर माझा सल्ला असा: पहिलीच नोकरी असेल तर वर्ष-दीड वर्ष पुणे. तीन-चार वर्षं मुरलेली असशील आणि टीमला सगळं लिहून ठेवायची सवय असेल, तर घर. आई-बाबांकडे बघायला दुसरं कोणी नसेल तरीही घर, पण महिन्यातले चार दिवस ऑफिसचे आधीच ठरवून घे. आणि पावसाळ्यात घाटात अडकायला होतं, सोमवारच्या मीटिंगसाठी रविवारी सकाळीच एसटी पकड.