होमस्कूलिंगच्या टेबलाशी विणायला: ४ मिमी बांबूची गोल सुई

चंचल मुलाला घरी शिकवताना शेजारी बसून राहावं लागतं, पण सारखं वहीत डोकावून चालत नाही. डोकावलं की मूल प्रत्येक गणितानंतर "बरोबर आहे का?" विचारतं, उठून ओट्याशी गेलं की पेन्सिल खाली आणि मूल खिडकीत. हातात विणकाम असलं तर माणूस जागेवर राहतो आणि नजर वहीवर खिळत नाही. अट एकच, विणकाम कोणत्याही क्षणी खाली ठेवता आलं पाहिजे. या कसोटीवर बांबूची गोल सुई (दोन आखूड सुया मधल्या लवचिक दोरीने जोडलेल्या असतात, दुकानात 'सर्क्युलर' म्हणून मागायची) सरळ सुयांच्या जोडीपेक्षा खूपच सरस आहे.

सरळ सुयांवर ओळ अर्धी असताना टाके दोन सुयांवर वाटलेले असतात. तशाच ठेवल्या तर एखादी सुई घसरून बाहेर येते, म्हणून विणणारा ओळ संपवूनच थांबतो. अभ्यासाच्या टायमरची घंटा वाजली आणि आई म्हणाली, "थांब, एवढी ओळ होऊ दे," की पुढच्या घंटेला मूल म्हणणार, "थांब ना, एवढं चित्र होऊ दे." मग त्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? गोल सुईवर दोन्ही टोकांवरचे टाके मधल्या दोरीवर सरकवले की काम दोन सेकंदांत खाली ठेवता येतं आणि एकही टाका सुटत नाही. घंटा मोठ्यांनाही लागू आहे हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. ही सुई घेण्याचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण हेच.

मध्येच ठेवलेलं काम पुन्हा उचलताना एक चूक हमखास होते. गुंड्याकडून येणारा धागा ज्या टोकाच्या टाक्याला लागलेला आहे ते टोक उजव्या हातात धरायचं. उलट धरलं तर अर्ध्या ओळीतूनच माघारी विणलं जातं, त्या जागी भोक पडतं आणि कापडाची एक बाजू दोन ओळींनी उंच होते. विणण्याआधी धागा कुठे आहे हे एकदा पाहिलं की पुरतं.

विकत घेताना मापाकडे नीट बघा. आपल्याकडची जुन्या पद्धतीची ८ नंबरची सुई ४ मिमीची असते, पण अमेरिकन नमुन्यातला ८ नंबर ५ मिमीचा. म्हणून नंबर सोडून मिलिमीटर विचारा. लांबी ६० सेंमी घ्या. ४० सेंमीच्या सुईची टोकं आखूड असतात आणि तळहात आखडतो. ८० सेंमीची बाळाच्या पांघरुणाला बरी, टेबलावर तिची दोरी वह्यांमध्ये लोळते. सरळ सुई ४० सेंमीपर्यंत लांब असते, तिचं मागचं टोक शेजारच्या मुलाच्या कोपराला लागतं. गोल सुईत हा प्रश्नच येत नाही.

धातूच्या सुया झरझर चालतात, पण टकटक वाजतात, आणि ज्या मुलाचं लक्ष पंख्याच्या कुरकुरीनेही उडतं त्याच्याशेजारी त्या नकोत. बांबू आवाज करत नाही, टाके धरूनही ठेवतो. दोष बांबूतही आहेत. स्वस्त सुईच्या टोकाला बारीक कूस असते, तिच्यात सुती धाग्याचे पदर अडकतात. नखांच्या फाइलच्या बारीक बाजूने घासलं की ती जाते. पावसाळ्यात दमट हवेने टाके चिकटल्यासारखे सरकतात, तेव्हा सुई कोरड्या फडक्याने पुसून मेणकागदावर फिरवावी. दोरी जिथे सुईला जोडलेली असते तो सांधा दुकानातच नखाने तपासा. तिथे कंगोरा लागला तर प्रत्येक ओळीत टाके अडणार, आणि त्याला घरगुती इलाज नाही. नवी दोरी गुंडाळीच्या आकारातच राहते. फक्त दोरी गरम पाण्यात मिनिटभर बुडवून ताणून धरायची, बांबू भिजू द्यायचा नाही. टोकं बदलता येणारे संच या कामाला घेऊ नयेत. दर वेळी ठेवता-उचलताना स्क्रू सैल होतो आणि फटीत टाका अडकतो. निटप्रो आणि पोनी या दोन्ही भारतीय कंपन्यांच्या अखंड बांबूच्या गोल सुया मिळतात. कोणतीही घ्या, सांधा मात्र पाहून घ्या.

सुई चांगली असूनही नमुना चुकीचा निवडला तर सगळं फुकट. जाळीची वीण टेबलाशी चालत नाही, कारण मोजणी तुटली की विणणाराच चिडतो. ४४ टाके घाला आणि प्रत्येक ओळ सुलट विणा. मध्यम जाडीच्या सुती धाग्यात साधारण २० सेंमी रुंदी येते आणि ५० ग्रॅमच्या गुंड्यात चौकोनी पुसणं होतं. या विणीत दोन ओळींची एक वळी दिसते, म्हणून ओळी मोजायचं यंत्र लागत नाही, वळ्या मोजल्या की झालं. कडाही गुंडाळत नाहीत. आपल्या उन्हाळ्यात अॅक्रिलिक घामेजल्या बोटांना चिकटतं, सुतीच बरं. रंग एकच ठेवा. बदलत्या रंगाचा धागा आणि जमिनीवर घरंगळणारा गुंडा या दोन गोष्टी मुलाला वहीतून ओढून काढतात. गुंडा खोल डब्यात घालून खुर्चीखाली ठेवा. टाका सुटलाच तर त्यात सेफ्टी पिन अडकवून पुढे चला, दुरुस्ती संध्याकाळी.

सोबत लाल चकतीचा ६० मिनिटांचा टायमर असेल तर सुईचा खरा उपयोग होतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला १५ मिनिटं लावली की पाव चकती लाल दिसते आणि ती हळूहळू संपताना त्याला कळते. टिकटिक करणारं मॉडेल घेऊ नका. स्वयंपाकघरातला चावीचा टायमरही टिकटिकतो, शिवाय थोड्या मिनिटांसाठी आधी पुढे फिरवून मग मागे आणावा लागतो, नाहीतर नीट वाजत नाही. फोनचा टायमर लावला की टेबलावर फोन येतो, मग अभ्यास राहतो बाजूला.

शुद्धलेखन, पाढे लिहिणं, नकाशा रंगवणं, बालभारतीच्या धड्याखालचे प्रश्न सोडवणं, एवढ्या वेळात सुया चालू द्या. हातच्याची वजाबाकी किंवा भागाकार नव्याने शिकवताना त्या खालीच हव्यात, तिथे मुलाच्या बोटाशेजारी आपलं बोट लागतं. गोष्ट वाचून दाखवताना मात्र मुलालाच जाड लोकर द्यावी. बोटांवर विणलेली साखळी त्याचे हात गुंतवते आणि कान मोकळे ठेवते. लिहायच्या वेळी तीच लोकर कपाटात गेली पाहिजे.

जाळीची किंवा दोन रंगांची वीण आवडत असेल तर ती वेगळ्या पिशवीत, वेगळ्या सुईवर ठेवा आणि दुपारी मूल त्याच्या पुस्तकात रमलं की काढा. एकाच सुईवर दोन्ही कामं करायला गेलं की सकाळी टेबलाशी बसताना अर्धवट जाळी सुईवर अडकलेली असते. घरात रांगतं मूल असेल तर दोन्ही टोकांना रबरी टोप्या घाला आणि सुई उंचावर ठेवा, दोरीचा फास लहानग्याच्या हाती लागू नये.