रोव्हर-बीआरएम की हाउमेट टीएक्स?
कॉम्प्युटरवरच्या शर्यतीच्या सिम्युलेटरवर फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत टर्बाइनच्या गाडीनं (म्हणजे गरम वायूच्या झोतानं पाती फिरवणाऱ्या इंजिनाच्या) करायचं डोक्यात असेल, तर गाडं शेवटी या दोन गाड्यांपाशीच येऊन थांबतं. गेल्या पावसाळ्यात मी दोघींवर पुष्कळ रात्री घालवल्या. दोन्ही मॉडेलं हौशी लोकांनी बनवलेली आहेत, तेव्हा खऱ्या गाडीशी ती किती जुळतात याची हमी माझ्याकडे मागू नका.

कामगिरी बघायची तर रोव्हरपुढे बोलायची सोय नाही. १९६३ साली ग्रॅहम हिल आणि रिची गिंथर यांनी '००' क्रमांक लावून, स्पर्धेबाहेरची प्रायोगिक गाडी म्हणून ती चोवीस तास पळवली. सरासरी ताशी सुमारे १७३ किलोमीटर. १९६५ला हिलच्या जोडीला जॅकी स्टुअर्ट होता. टर्बाइनची पाती सुरुवातीलाच दुखावली, पुढे सगळा वेळ तापमान सांभाळत चालवावं लागलं, तरी दहावा नंबर आला. हाउमेटच्या दोन गाड्या १९६८ला ल माँला गेल्या. एक उलटली, दुसरी चाकाच्या दुरुस्तीत इतकी मागे पडली की बाद झाली. म्हणून मीही सुरुवात रोव्हरनंच केली.

आणि आर्नाजच्या, ल माँच्या ट्रॅकवरच्या एका वळणावर अडकलो.

गिअर बदलायचे नसतात, ती भानगड दोघींतही नाही. छळतो तो लॅग, म्हणजे पेडल दाबणं आणि जोर मिळणं यातला उशीर. वेगाचं पेडल दाबलं की आधी इंजिनाचा पुढचा भाग फिरून वायूचा दाब तयार करणार, मग तो मागच्या टर्बाइनला ढकलणार, मग चाकं. तोवर आपण वळणाच्या बाहेर, मागचा गाडीवाला हेडलाइट दाखवतोय. यावर उपाय एकच, ब्रेक दाबलेला असतानाच दुसऱ्या पायानं पेडल द्यायचं. दिवसा जमतं. पहाटे तीनला पाय विसरतो, आणि मी गवतात. एका रात्रीत चारदा गेलो, तेव्हा नाद सोडला.

हाउमेटमध्ये यावर एक झडप आहे, वेस्टगेट. इंजिन चढ्या फेऱ्यांवर ठेवायचं आणि नको असलेला गरम वायू मागच्या टर्बाइनकडे न जाऊ देता परस्पर बाहेर सोडायचा. पेडल दाबलं की झडप मिटते, जोर लगेच मिळतो. लगेच म्हणजे पेट्रोलच्या गाडीसारखा नव्हे, पण वाट बघत बसावं लागत नाही. शिवाय ताकद रोव्हरच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे लांब सरळ रस्त्यावर कंटाळा येत नाही. १९६८लाच अमेरिकेत हंट्सव्हिल आणि मार्लबरोला तिनं शर्यती जिंकल्या, वॉटकिन्स ग्लेनच्या सहा तासांत तिसरी आली. म्हणजे अगदीच वाया गेलेली गाडी नव्हती.

प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. ज्या झडपेवर माझा जीव जडला, तीच अमेरिकेतल्या डेटोनाच्या शर्यतीत ऐन वळणात उघडली नाही आणि गाडी भिंतीवर गेली. माझ्या मॉडेलमधली झडप कधीच अडकत नाही, हा तसा माझा फायदाच.

पाय शांत असतील, वाट बघायची सवय असेल, तर रोव्हर जरूर घ्या, ती दगा देणार नाही. मी पुढच्या शर्यतीला हाउमेटच घेतोय, फक्त पहिल्या तासात ब्रेक जरा आधी लावेन. इंजिनाचा अडसर नसल्यामुळे पेडल सोडल्यावर ही गाडी थांबायचं नावच घेत नाही.