एअर रायफल की पॉइंट टूटू? गोळ्या मिळेनाशा झाल्यावर मांडलेला हिशेब

मार्चमधल्या एका रविवारी रेंजवर माझ्या डब्यात .२२च्या, म्हणजे बारुदाच्या पॉइंट टूटू रायफलच्या, तेवीस गोळ्या उरल्या होत्या, त्याही तीन वेगवेगळ्या लॉटच्या (कारखान्यातल्या खेपांच्या). शेजारच्या लेनवरचा एअर रायफलवाला (हवेच्या दाबावर चालणारी) मुलगा पाचशे पेलेट्सचा, म्हणजे तिच्या शिशाच्या गोळ्यांचा, नवा डबा उघडत होता. ‘‘काका, आज एवढ्यात आवरलं?’’ त्याने विचारलं. मी डबा दाखवला. तो हसला आणि लगेच म्हणाला, ‘‘मला तर पुढच्या वर्षी पॉइंट टूटूवर यायचंय.’’

त्याची हौस मला कळते. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) ४५१.४ गुणांवर ब्राँझ घेतलं आणि त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक नव्या पोराला गुडघ्यावर बसून नेम धरायचाय. त्याआधी २०१०मध्ये कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत म्युनिकला प्रोनमध्ये (पालथं पडून मारण्यात) विश्वविजेती झाली होती. म्हणजे .२२चं वेड आपल्याकडे कोल्हापूरहूनच येतं म्हणायला हरकत नाही. पण त्या मुलाला जे सांगायचं, तेच मी इथे सविस्तर लिहितोय. नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यातून दोनदा रेंजवर जाणाऱ्या माणसाने .२२ घ्यावी, एअरवरच राहावं, की दोन्हींवर पाय ठेवावा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. क्लबकडून .२२ गोळ्यांचा नियमित कोटा मिळणार नसेल तर रायफल घेऊ नका. मिळणार असेल तरी निम्म्याहून जास्त सराव एअरवर आणि ‘ड्राय’वर, म्हणजे गोळीविना नुसता ट्रिगर दाबण्यावर, ठेवा.

टंचाई येते कुठून

.२२ हे रिमफायर काडतूस. पेटवणारं रसायन पितळी टोपणाच्या (केसच्या) कडेत भरलेलं असतं. घोड्याचा मार कडेवर बसला की ती कड चेपते आणि केस कायमची कामातून जाते. परदेशात मोठ्या बोअरचे नेमबाज रिकाम्या केसेस पुन्हा भरून पैसे वाचवतात, तो मार्ग .२२वाल्याला नाही. वापरलं ते संपलं.

शिवाय मॅचच्या दर्जाची .२२ बनवणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके आहेत. एली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला, लापुआ आणि एसके या दोन्ही जर्मनीतल्या शोनेबेकहून, आणि आरडब्ल्यूएस. या कारखान्यांपुढे रांगेत जगभरचे नेमबाज उभे असतात आणि त्यात आपण बरेच मागे. अमेरिकेत २०१३मध्ये आणि पुन्हा २०२०मध्ये लोकांनी घाबरून .२२चे साठे केले, तेव्हा तिथली दुकानं रिकामी पडली होती. २०२२मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि बारुदाचीच ओढाताण सुरू झाली.

इथे एक गंमत आहे. बिनधुराच्या बारुदाचा पाया म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि ते बनतं कापसाच्या लिंटरपासून. जिनिंग झाल्यावर सरकीला जी बारीक तूस चिकटून राहते, तीच ही लिंटर. खानदेश-विदर्भातल्या माणसाला ती सांगायला नको. युरोप ही तूस मोठ्या प्रमाणात चीनकडून घेतो आणि तोफगोळ्यांच्या कारखान्यांना ती आधी हवी असते. म्हणजे पुण्यात बालेवाडीच्या लेनवर माझा डबा रिकामा राहण्यात सरकीच्या तुसाचाही हात आहे.

भावाचं दुसरं कारण साधं आहे, रुपया. २०१९मध्ये युरो ऐंशीच्या आतबाहेर होता, २०२५मध्ये त्याने शंभरी ओलांडली. कारखान्याने एक सेंटही वाढवला नसता, तरी आपल्याला डबा पावपट महाग पडला असता. आणि त्यांनी वाढवलेच.

पेलेटला यातलं बरंचसं लागू होत नाही. त्यात बारूद नाही, पेटवणारं रसायन नाही, नुसतं शिसं. .२२चं खोकं स्फोटक माल म्हणून प्रवास करतं, त्याला वेगळी कागदपत्रं आणि वेगळं भाडं. पेलेटचा डबा मात्र खेळाच्या सामानासारखा येतो. चांगली पेलेट्सही जर्मनी-झेकमधूनच येतात, तीही महागली आहेत. पण ‘मिळतच नाहीत’ अशी वेळ माझ्यावर तरी आली नाही. फार तर आवडीचा ब्रँड नसतो, दुसरा असतो.

कागद

हा भाग लवकर उरकतो, पण निर्णय पुष्कळदा इथेच होतो. ४.५ मिलिमीटरची, २० जूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही. ओळखपत्र दाखवून दुकानातून घरी आणता येते. मॅचची एअर रायफल तर जेमतेम आठ जूलची असते. .२२ला परवाना लागतो. शहरात पोलिस आयुक्तालय, जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालय, आणि दोन्हीकडे वेळ. त्या परवान्यावर वर्षाला किती गोळ्या घ्यायच्या आणि एका वेळी किती जवळ ठेवायच्या हे लिहिलेलं असतं. त्यामुळे ‘स्वस्त आहेत तोवर भरून ठेवू’ हा गृहिणींचा शहाणपणा .२२ला चालत नाही. पेलेटला चालतो. मी दिवाळीच्या आधी वर्षाचे डबे घेऊन ठेवतो, एकाच लॉटचे.

परदेशी गोळ्या स्वतः मागवण्याची मुभा राष्ट्रीय पातळीवर ठरलेले गुण मारलेल्या नामांकित नेमबाजांना असते. बाकीच्यांना क्लब, राज्य संघटना आणि राष्ट्रीय रायफल संघटना या साखळीतूनच माल मिळतो. साखळीत एक कडी अडली की खालचे सगळे थांबतात. आमच्याकडे एकदा असं झालं, तेव्हा मे ते ऑगस्ट कोणाकडेच काही नव्हतं आणि पावसाळी स्पर्धेला अर्धे जण उसन्या गोळ्यांवर उतरले होते.

पैसे

भाव रोज हलतात, म्हणून आकडे उदाहरणापुरते घ्या आणि तुमच्या क्लबचा भाव त्यात घाला. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी साठ मोजणीच्या आणि पंधरा साइटर (आधी नेम जुळवायच्या, न मोजायच्या). सुट्ट्या वजा करता वर्षाच्या साधारण ७,५०० गोळ्या होतात.

समजा पेलेटचा पाचशेचा डबा १,५०० रुपयांना, म्हणजे गोळी ३ रुपयांना. वर्षाला १५ डबे, २२,५०० रुपये. समजा मधल्या दर्जाची .२२ गोळी २५ रुपयांना. त्याच सरावाचे १,८७,५०० रुपये. आता मिश्र मार्ग बघा: आठवड्याला फक्त पन्नास .२२, बाकी सगळं एअर. २,५०० गुणिले २५ म्हणजे ६२,५००, आणि ५,००० पेलेट्सचे १५,०००. एकूण ७७,५००. ही बेरीज घरी दाखवताना मान खाली घालावी लागत नाही.

एअरचा एक छुपा खर्च मात्र लक्षात घ्या, कारण तो कोणी सांगत नाही. मॅच रायफलच्या हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि बहुतेक उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात. स्पर्धेत सामान तपासणीला मुदत संपलेलं सिलिंडर अडचणीत आणतं. जुनी रायफल स्वस्तात मिळाली म्हणून खूश होऊन आलेला माणूस पहिल्याच स्पर्धेआधी नव्या सिलिंडरच्या किमतीने हबकतो. विकत घेण्याआधी ती तारीख वाचा, मग रायफल खांद्याला लावा. हातपंपाने हवा भरणार असाल तर आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात पाणी आत जातं, हेही धरा.

स्वस्त गोळीचा मोह

टंचाईत सगळ्यांकडून होणारी चूक मीही केली. मिळेल ते घेतलं. एका ओळखीच्याकडून दोन डबे, दुसऱ्याकडून एक, क्लबच्या कपाटातले उरलेसुरले. नतीजा वाईट. ग्रुप (गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) कधी उजवीकडे, कधी वर, आणि दोन आठवडे मी स्वतःच्या श्वासाला दोष देत बसलो.

.२२च्या गोळीवर मेणासारखा चिकट थर असतो. मे महिन्यात डबा तासभर गाडीच्या डिकीत राहिला तर बोटांना लागतो, इतका मऊ. प्रत्येक कंपनीचा थर वेगळा. नवा ब्रँड सुरू केला की नळीत आधीचा थर जाऊन नवा बसेपर्यंत पहिल्या दहा-वीस गोळ्या इकडेतिकडे जातात. म्हणजे ज्याच्याकडे गोळ्या कमी, तोच ब्रँड बदलत राहतो, आणि तोच प्रत्येक बदलात वीस वाया घालवतो. गरिबाचं लग्न महाग पडतं ते असं.

म्हणून: सर्वांत वरच्या दर्जाचे दोन डबे आणि चार प्रकारचे फुटकळ डबे यापेक्षा मधल्या दर्जाचा एकच लॉट, मिळेल तेवढा. डब्यावरचा लॉट क्रमांक वहीत लिहा. साठ मोजणीच्या शॉट्समध्ये मधल्या आणि वरच्या दर्जातला फरक बहुतेक हौशी नेमबाजांना दिसतच नाही. आपला हात त्याहून जास्त हलतो. मला तरी दिसला नाही. गोळी फुसकी निघाली तर मात्र बोल्ट (नळीचं मागचं झाकण) लगेच उघडू नका, नळी टारगेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा.

पेलेटमध्ये स्वस्ताई जरा जास्त खपते. डब्यातला स्पंज काढा, पेलेट्स मऊ कापडावर ओता, ओंजळीने उपसू नका. एखादी काचेवर लोळवून बघा: धड असेल तर सुबक गोल फिरते, घेर चेपला असेल तर लडबडते. चेपलेल्या वेगळ्या काढा, त्या ट्रिगरच्या सरावाला चालतात. नळीला ४.४९ मिलिमीटर जाडीचं पेलेट आवडतं की ४.५०चं हे रायफल शिकंज्यात धरून दहा-दहा शॉट्सनी एकदाच ठरवा. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे अंदाजाने चालत नाही. कोकणातल्या दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते, तेव्हा डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. आणि सराव संपल्यावर हात साबणाने धुऊन मगच वडापाव.

शिकायला काय मिळतं

इथे .२२ची बाजू घ्यायला हवी. वारा एअरवर शिकता येत नाही. पन्नास मीटरवर झेंड्या एका दिशेला फडफडत असताना थांबायचं की साइटवर क्लिक द्यायचे, हा निर्णय बंद हॉलमध्ये दहा मीटरवर कधीच करावा लागत नाही. प्रोनमधला पट्ट्याचा ताण, नीलिंगमध्ये (गुडघ्यावर बसून) बधिर होणारा पाय, गोळी सुटल्यावर रायफल कुठे जाऊन बसते हे सगळं .२२चंच.

उलट उभं राहून मारण्यात एअर तुमची जास्त कठोर परीक्षा घेते. पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जातं, .२२ त्याच्या जवळजवळ दुप्पट. पेलेट नळीत जास्त वेळ असतं, त्यामुळे ट्रिगर दाबून मान उचलली की चूक थेट कागदावर. माझं .२२चं स्टँडिंग ज्या वर्षी सुधारलं, त्या वर्षी मी .२२ सगळ्यात कमी चालवली होती.

ड्राय

फुकटचा पर्याय, म्हणून कोणी गंभीरपणे घेत नाही. मॅचच्या एअर रायफलला ड्रायची सोय असते, हवा न सोडता ट्रिगर पूर्ण लागतो. .२२वर मात्र रिकाम्या चेंबरवर घोडा मारू नका. डमी काडतूस घाला, नाहीतर घोड्याची टोच चेंबरच्या कडेवर आपटते.

घरी दहा मीटर नसतात, पाच असतात. दहा मीटरच्या टारगेटचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा, तर पाच मीटरवर साधारण १५ मिलिमीटरचा गोल काढा आणि भिंतीवर चिकटवा. रोज वीस मिनिटं. मी गोल न काढता नुसत्या पांढऱ्या भिंतीवरही करतो. नेम धरायला काही नसलं की फक्त ट्रिगर उरतो आणि बोटाची लबाडी लगेच उघडी पडते. नळीला सेन्सर लावून नेमाची वाट पडद्यावर दाखवणारी यंत्रंही मिळतात. ती महाग आहेत. एकट्याने घेण्यापेक्षा चार जणांत किंवा क्लबने घेतलेली बरी.

त्या मुलाला मी शेवटी क्लबच्या सेक्रेटरींकडे पाठवलं, तीन गोष्टी विचारायला. गेल्या दोन वर्षांत प्रत्येक सभासदाला .२२ गोळ्या प्रत्यक्षात किती मिळाल्या? त्या एकाच लॉटच्या होत्या का? आणि स्वतःची रायफल न घेता क्लबच्या रायफलवर आठवड्याला पन्नास मारू द्याल का? पहिल्या दोन प्रश्नांना सेक्रेटरींनी रजिस्टर उघडलं आणि बराच वेळ पानं चाळली. तिसऱ्याला लगेच ‘हो’ म्हणाले. पोरगा सध्या गुरुवारी क्लबच्या रायफलवर प्रोन मारतो, बाकी दिवस एअर, आणि परवान्याचा अर्ज अजून भरलेला नाही.