केबलची तक्रार: कंपनीकडे, प्रांत कचेरीत की ग्राहक आयोगात?

शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, "केबलवाला ऐकत नाही रे, तक्रार कुठं करायची?" मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. या तिन्ही दारांत मी स्वतः ताटकळलोय. "डिश लावा, सुटा" असा सल्ला देणाऱ्यांसाठी हे लिहिलेलं नाही. ज्यांना केबलच ठेवायची आहे, त्यांच्यासाठी आहे.

माझी तक्रार क्षुल्लक होती. तीन पावसाळ्यांपूर्वी आमच्याकडची सह्याद्री वाहिनी गेली. बाकी सगळं दिसत होतं, मालिका चालू, क्रिकेट चालू, फक्त सह्याद्रीच्या जागी काळा पडदा. वडिलांना सातच्या बातम्या लागतात, त्यांशिवाय त्यांचं जेवण पुढं सरकत नाही. केबलवाल्याला सांगितलं तर ठरलेलं उत्तर आलं, "वरूनच नाहीये, काका." हे 'वर' म्हणजे कुठं, ते अजून मला कळलेलं नाही.

पहिलं दार कंपनीचं. सेट टॉप बॉक्सवर जिचं नाव असतं ती कंपनी. कागदावर हाच मार्ग सगळ्यात देखणा आहे. ट्राय म्हणजे दूरसंचार आणि केबलसेवेवर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था. तिच्या २०१७च्या नियमांनी टोल फ्री नंबर, प्रत्येक तक्रारीला क्रमांक आणि तिथं समाधान झालं नाही तर राज्यासाठी नेमलेला नोडल अधिकारी, अशी सगळी उतरंड लावून दिलीय. बॉक्स बिघडला, न मागितलेला पॅक गळ्यात पडला, पैसे भरूनही चॅनेल बंद झाले, तर इथूनच सुरुवात करावी, हे मी आजही सांगेन. मोठ्या शहरात राहणाऱ्या मित्रांची कामं फोनवर झालेली मी पाहिली आहेत.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. फोन लावला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, नोंदणीकृत मोबाईल नंबरवरून कॉल करा." म्हटलं, हाच माझा नंबर. "या नंबरवर कनेक्शन नाही सर." मग बॉक्सच्या कार्डावरचा नंबर वाचून दाखवला. तिनं नोंदणीतल्या मोबाईलचे शेवटचे चार आकडे सांगितले आणि ते ऐकून मी खाली बसलो. तो नंबर आमच्या केबलवाल्याचा होता.

झालं असं होतं. आमच्यासारख्या लहान गावांत बॉक्स बसवण्याची मुदत २०१७च्या मार्चअखेर संपत होती. फॉर्म भरायला कोणाला वेळ होता? पठ्ठ्यानं सगळ्या गल्लीचे फॉर्म स्वतःच भरले आणि मोबाईलच्या रकान्यात सरसकट आपला नंबर टाकला. तेव्हा ते सोयीचंच वाटलं होतं. आता माझ्या तक्रारीचा क्रमांक मेसेजनं गेला तो त्याच्याकडे, आणि "तुमची तक्रार सुटली का?" ही विचारणाही त्याच्याचकडे. त्यानं सुटली म्हणून कळवून टाकलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तक्रार बंद झालेली होती. संध्याकाळी स्वारी दारात हजर. "काका, वर कशाला टाकलं? मला सांगायचं ना." चहा पिऊन गेला. सह्याद्री आली नाही. नंबर बदलून घ्यायचा तर त्याचा अर्जही त्याच्याच मार्फत. नोडल अधिकाऱ्याला ई-मेल केला, त्याचं उत्तर आलं की आपल्या स्थानिक ऑपरेटरशी संपर्क साधावा.

माझा निर्णय या एका गोष्टीनं केला, हे मोकळेपणानं सांगतो. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्याच्याच खिशात ते वाजत असेल तर बाकी नियम कितीही चांगले असोत, माझ्या उपयोगाचे नव्हते. काही जण थेट ट्रायला लिहितात. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, कंपनीकडे पाठवते. म्हणजे फिरून तोच मोबाईल. दिल्लीतलं दूरसंचार न्यायाधिकरण ग्राहकांच्या गटाचा वाद ऐकतं, पण सातच्या बातम्यांसाठी गल्लीचा गट करून दिल्ली गाठणारा माणूस मी नाही.

नगरपालिकेचं दार मी मोजलेलंच नाही. नगरसेवकाला पकडायची आपल्याला सवय असते, पण पालिकेचा संबंध खांबावरच्या वायरी आणि खोदलेला रस्ता एवढ्यापुरता. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथं बऱ्याच ठिकाणी गावच केबल कंपनीशी करार करतं, १९८४च्या कायद्यानुसार तिच्या केबलच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत फी घेतं आणि सेवेबद्दल जाब विचारतं. आपल्याकडे जाब विचारायचा अधिकार पालिकेकडे न देता महसूल आणि पोलिसांकडे दिलाय.

म्हणून दुसरं दार, प्रांत कचेरी. १९९५च्या केबल कायद्यात 'प्राधिकृत अधिकारी' म्हणजे जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त. आमच्यासाठी प्रांतसाहेब. याच कायद्याच्या आठव्या कलमात दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या दाखवणं केबलवाल्यावर बंधनकारक केलंय. ते मोडल्याचं दिसलं तर यंत्रसामग्री जप्त करायचा अधिकार अकराव्या कलमानं या अधिकाऱ्याला दिलाय. नोंदणी नसताना केबल चालवणाऱ्यालाही तेच लागू. इतकी मोठी तोफ माझ्या छोट्या तक्रारीसाठी आहे, हे कळल्यावर मला जरा ओशाळल्यासारखंच झालं.

अर्ज साध्या कागदावर, दोन प्रतींत. बॉक्सचा नंबर, वाहिनी कधीपासून दिसत नाही, आणि कलम आठ. आवक शाखेतल्या बाईंनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "हे करमणूक कराकडं जातं ना? तो तर बंद झाला." खरंच आहे. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि राज्याचा केबलवरचा करमणूक कर गेला. त्याआधी दर जोडणीमागं महिन्याला महापालिका हद्दीत ४५ रुपये, अ आणि ब वर्गाच्या पालिकांत ३०, बाकीकडे १५ असा हिशोब असे आणि करमणूक कर निरीक्षक जोडण्या मोजत फिरे. केबलवाले तहसीलला वचकून असत ते त्यामुळं. कर गेला, पण तहसीलमधून फोन आला की उठून उभं राहायची सवय गेलेली नाही, असं माझं निरीक्षण आहे. बाईंनी शेवटी शिक्का मारला. आवक क्रमांक माझ्या प्रतीवर, तारखेसह. या क्रमांकाचा मेसेज कुणाच्या मोबाईलवर गेला नाही.

बारा दिवसांनी केबलवाल्याला पत्र गेलं. नोंदणीच्या दाखल्याची प्रत घेऊन या आणि सह्याद्रीबद्दल खुलासा करा. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सह्याद्री दिसायला लागली. पत्रामुळंच दिसली का? छातीठोक सांगत नाही. तोवर पाऊसही उघडला होता.

या दाराच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पैसे परत मिळवून देणं प्रांतांचं काम नाही. पॅक महाग आहे ही तक्रार तिथं नेऊ नये. महिन्याच्या मूळ शुल्काची कमाल मर्यादा तर ट्रायनंच जुलै २०२४मध्ये काढून टाकली. निवडणूक लागली की कचेरीत कोणी सापडत नाही, आणि साहेबांची बदली झाली की अर्ज पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावा लागतो.

तिसरं दार जिल्हा ग्राहक आयोगाचं. ताकदीनं बघितलं तर हेच सगळ्यात भारी. नुकसानभरपाई देऊ शकेल असं तिघांतलं हे एकच. २०१९च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कायदा म्हणतो सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल. तारखांचा अनुभव ज्याला त्याला असतो, त्यावर मी बोलत नाही.

मी ऑनलाइन अर्ज अर्धा भरला आणि पैसे दिल्याच्या पुराव्यापाशी अडकलो. आमचा केबलवाला दर महिन्याला रोख घ्यायचा आणि स्वतःच्या डायरीत टिकमार्क करायचा. पावती मागितली की "काका, विश्वास नाही का?" विश्वास होता, कागद नव्हता. तेव्हापासून मी त्याला पैसे फोनवरूनच पाठवतो. तुम्ही आधीपासून तसं करत असाल आणि बॉक्सची अनामत अडकली असेल किंवा वर्षाचे पैसे एकदम भरून सेवा बंद झाली असेल, तर आयोगाकडे जरूर जा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा, कधी कधी तेवढ्यानंही कंपनी हलते म्हणतात. पण तीनशेच्या आसपासच्या मासिक बिलासाठी जिल्ह्याच्या खेपा मला तरी झेपल्या नसत्या.

काकूंचं दुखणं ऐकलं तर माझंच जुनं निघालं. गल्लीत सह्याद्री पुन्हा गेलीय. आमच्याकडे वडील आता बातम्या मोबाईलवर बघतात, म्हणून माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पावत्या त्यांच्याकडेही नाहीत. मी म्हटलं कंपनीला फोन करून बघा एकदा, तुमचा नंबर कदाचित बरोबर असेल. त्यांनी केला. शेवटचे चार आकडे ऐकताच मला हसू आलं.

मग त्यांचा अर्ज मीच लिहून दिला. या वेळी तालुक्याच्या लोकशाही दिनातही, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर गाऱ्हाणी मांडायच्या दिवशी, एक प्रत टाकतोय. तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो आणि अर्ज पंधरा दिवस आधी लागतो, शिवाय वैयक्तिकच लागतो, गल्लीच्या सह्यांचा चालत नाही. काकू म्हणतात सोमवारी त्यांचा उपास असतो, पण येतील. खाली मोबाईल नंबर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला, दोनदा तपासून.