आर्काइव्ह ऑफ अवर ओन : ‘नको’ म्हणण्याची सोय चोख, ‘हवे’ म्हणण्याची अपुरी

आवडत्या मालिकेतील, चित्रपटातील किंवा कादंबरीतील पात्रे घेऊन चाहत्यांनी हौसेने लिहिलेल्या कथा, म्हणजेच फॅनफिक, साठवण्याची आणि वाचण्याची एक मोठी विनामूल्य सोय म्हणजे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’. वाचकांच्या तोंडी तिचे नाव ‘एओथ्री’ असे आहे. २००७ मध्ये स्थापन झालेली ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही ना-नफा संस्था ती चालवते. नोव्हेंबर २००९ पासून ती सर्वांना खुली आहे, कारभार स्वयंसेवक पाहतात, खर्च देणग्यांतून भागतो आणि जाहिरात एकही दिसत नाही. एक कोटीहून अधिक रचना तेथे आहेत आणि २०१९ मध्ये या साठ्याला विज्ञानकथांच्या जगात मानाचा समजला जाणारा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. शोध, टॅग आणि वर्गवारी यांवर पुष्कळ लिहिता येईल. परंतु हे परीक्षण एकाच अंगापुरते आहे. लेखकाने न मागितलेली टीका ही सेवा कशी हाताळते, आणि लातूर, नांदेड, परभणीकडच्या नव्याने लिहू लागलेल्या मुलामुलींना ती कितपत मानवेल, एवढेच मी येथे पाहिले आहे.

तेथील शिरस्ता असा की कथा आवडली तर तसे सांगावे, न आवडल्यास मुकाट्याने दुसरी उघडावी, आणि दोष दाखवण्याची इच्छा झाल्यास लेखकाने ते मागितले आहेत का हे आधी पाहावे. संस्थेच्या सेवाशर्तींत हे लिहिलेले नाही. त्या शर्ती छळाला मनाई करतात, नुसत्या टीकेला नाही. तरीही फॅनफिकच्या जगात हा शिरस्ता बहुतेकांनी मानलेला आहे, आणि तो मोडणाऱ्याला पहिले उत्तर लेखकाकडून नव्हे तर इतर वाचकांकडूनच मिळते.

आपल्याकडच्या माणसाला याचे नवल वाटते. मराठवाड्यात तोंडावर बोलणे हा गुण समजला जातो. कोणाची कविता ऐकून झाल्यावर ‘मागं बोलणार न्हाई, तोंडावर सांगतो’ अशी सुरुवात करणारा माणूस प्रामाणिक ठरतो, आणि ऐकणाऱ्याने ते निमूटपणे ऐकून घेणे हा त्याच्या मोठेपणाचा भाग मानला जातो. एओथ्रीवरील रीत याच्या नेमकी उलट आहे: मागे, मित्रमंडळींत, काय म्हणायचे ते खुशाल म्हणा, पण लेखकाच्या दारात जाऊन तो विचारीत नाही तोवर बोलू नका. मला ही रीत योग्य वाटते आणि तिच्यामागचे कारण मला व्यवहाराचे दिसते.

मेसचा डबा खराब आला तर आपण बोलतो, कारण महिन्याचे पैसे भरलेले असतात. एओथ्रीवर कथेचे पैसे घेण्यास, इतकेच काय, आपल्याला देणगी द्यावी असे सुचवण्यासही मनाई आहे. त्यामुळे तेथील वाचक गिऱ्हाईक नसतो. कथा संपादकाकडे अभिप्रायासाठी पाठवलेले हस्तलिखितही नसते. ती प्रसिद्ध झालेली असते, पुष्कळदा लेखिका पुढच्या कथेत गुंतलेली असते, आणि तिसऱ्या प्रकरणात नायकाचा स्वभाव बिघडला आहे हे आता सांगून काही दुरुस्त होत नाही. शिवाय समोर कोण आहे हे कळत नाही. खाते उघडण्यासाठीची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे. म्हणजे ज्या कथेवर आपण चार परिच्छेद झाडतो, तिचा लेखक आठवीतला मुलगा असू शकतो किंवा निवृत्त प्राध्यापिकाही असू शकते. मी लिहितो आहे तसले परीक्षण इतर वाचकांनी काय निवडावे यासाठी असते. लेखकाच्या कमेंटपेटीत टाकलेले मत मात्र एकाच माणसाच्या हाती पडते, आणि ते वाचायचे की नाही हे ठरवण्याआधीच त्याने ते वाचलेले असते. टीकेवाचून लेखक सुधारणार कसा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रत्येक हौशी लेखकाला सुधारायचेच असते हे त्यात गृहीत धरलेले आहे, आणि ते खरे नाही. भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या प्रत्येकाला आपण मैफलीचा हिशेब लावत नाही.

आता साधनांविषयी. पसंती कळवण्यासाठी ‘कुडोज’ नावाचे बटण आहे. ते एका कथेला एकदाच देता येते, खाते नसतानाही देता येते आणि दिल्यावर परत घेता येत नाही. नापसंतीचे बटण नाही, तारे नाहीत, गुण नाहीत. एवढ्या एका निर्णयानेच पुष्कळ कटकट टळलेली आहे. कमेंट १०,००० अक्षरचिन्हांपर्यंत लिहिता येते, म्हणजे स्तुतीला किंवा भांडणाला जागेची टंचाई नाही. पण ती कोणी लिहावी हे लेखक प्रत्येक रचनेपुरते ठरवू शकतो. सर्वांना मुभा द्यावी, केवळ खातेधारकांना द्यावी किंवा कमेंट पूर्ण बंद ठेवाव्यात, असे तीन मार्ग आहेत. त्याखेरीज कमेंट आधी स्वतः वाचून मग प्रसिद्ध करण्याची सोय आहे, नको असलेली कमेंट काढून टाकता येते, वाद चिघळलेली कमेंटची साखळी गोठवता येते आणि एखाद्या वापरकर्त्याला कायमचे रोखता येते. रोखलेला माणूस कथा वाचू शकतो, तिच्याखाली लिहू शकत नाही. ही विभागणी मला विशेष समंजस वाटली.

‘नको’ म्हणण्याची एवढी व्यवस्था असताना ‘हवे’ म्हणण्याची एकही ठरलेली जागा नसावी, ही मात्र या सेवेची मोठी उणीव आहे. कथा चढवताना वयोगट विचारला जातो, इशारे विचारले जातात, भाषा विचारली जाते. ‘टीका चालेल का’ हे विचारले जात नाही. ज्याला टीका हवी त्याने टॅगमध्ये, म्हणजे कथेला जोडलेल्या विषयसूचक शब्दांत, किंवा कथेच्या आधी-नंतरच्या टिपेत तसे लिहावे लागते, आणि टिपा मोबाइलवर भराभर सरकवून टाकण्याची सवय किती वाचकांना आहे हे मी सांगायला नको. पैठणला नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा अखेरीस, यात कोणी आपल्या ओव्या घालू नयेत, अशी कडक सूचना लिहून ठेवली. टीप शेवटीच होती, पण चार शतकांनंतरही ती लोकांना ठाऊक आहे. (त्याच नाथांचे भावार्थ रामायण अपुरे राहिले आणि ते गावबा या शिष्याने पुरे केले असे परंपरा सांगते, त्यामुळे आवडत्या ग्रंथाला पुढे नेण्याची हौस आपल्याला परकी आहे असे कोणी समजू नये.) एओथ्रीवरील टिपेला नाथांच्या शब्दाचे वजन येणार नाही. तेथे एक साधे, ठळक खूणचिन्हच हवे होते.

ते नसल्याचा परिणाम दुहेरी होतो. ज्यांना टीका नको त्यांच्या दारात टीप न वाचताच बोलणारा कोणीतरी येतो, आणि ज्यांना ती मनापासून हवी आहे त्यांच्याकडे सभ्य वाचक फिरकत नाहीत, कारण शंका असेल तेथे गप्प राहावे हेच ते शिकलेले असतात. खालच्या कमेंटमध्ये मग सगळीकडे बदामाची चिन्हे आणि ‘पुढचा भाग कधी’ एवढेच उरते. ‘पुढचा भाग कधी’ हा प्रश्नदेखील सौम्य तगादाच आहे, पण तो येथे सोडून देतो. खरी तपासणी प्रसिद्धीपूर्वी ‘बीटा रीडर’कडून, म्हणजे मसुदा आधी वाचून दोष दाखवणाऱ्या वाचकाकडून, करून घ्यावी असा फॅनफिकमधला जुना आणि उत्तम प्रघात आहे, परंतु असा बीटा मिळवण्यासाठी एओथ्रीच्या बाहेर ओळखी असाव्या लागतात, कारण आत खाजगी निरोपाची सोयच नाही. ज्या लेखकाने कमेंट आधी वाचून प्रसिद्ध करण्याचा पर्याय निवडला आहे, त्याच्याकडे गेलेली कमेंट मंजुरीपर्यंत इतर वाचकांना दिसत नाही, आणि तोच काय तो खाजगी पत्रासारखा मार्ग शिल्लक राहतो. टीका मागणाऱ्याने हा पर्याय अवश्य निवडावा.

बुकमार्कची, म्हणजे वाचकाने कथेवर ठेवलेल्या खुणेची, बाब नाजूक आहे. वाचक आपल्या खुणेसोबत टीप लिहू शकतो, ती खाजगी ठेवू शकतो किंवा सर्वांना दाखवू शकतो, आणि लेखकाला दुसऱ्याचा बुकमार्क काढता येत नाही. बुकमार्क ही वाचकाची वही असल्याने तेथे खरे मत लिहावे, असे काहींचे म्हणणे आहे. ती वही उघडी ठेवून लेखकाच्या नजरेस पडेल अशी मांडायची आणि मग ‘हे माझ्यासाठी होते’ म्हणायचे, हे बरोबर नाही, असे इतरांचे. माझा कल या दुसऱ्या मताकडे आहे. खाजगीची खूण एका क्लिकवर असताना जाहीर टोमणा हा अनवधानाने झालेला मानता येत नाही.

मराठवाड्यातील लेखकांसाठी या सगळ्याला एक वेगळी धार आहे. भाषांच्या यादीत मराठी आहे, परंतु मराठीत लिहिलेल्या रचना मोजक्याच आहेत आणि बटणे व सूचना इंग्रजीत आहेत; त्यामुळे आपली बरीच मुले एखाद्या जपानी ॲनिमेवर, म्हणजे तिकडच्या ॲनिमेशन मालिकेवर, इंग्रजीतच लिहितात. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीने मोठ्या हिमतीने लिहिलेल्या इंग्रजी कथेखाली क्रियापदांच्या चुकांची यादी टाकणाऱ्याला आपण मदत केली असे वाटते, आणि ती मुलगी दुसरी कथा लिहीत नाही. मराठीत लिहिणाऱ्यांना ऱ्हस्व-दीर्घाचे पहारेकरी भेटतात. त्याहून वाईट म्हणजे, कथेतील आजी ‘काय करायलास’ किंवा ‘पाव्हणे येऊलालेत’ असे बोलली की ‘भाषा शुद्ध करा’ असा सल्ला येतो. ती आजी उदगीरची आहे आणि तिने तसेच बोलायला हवे, हे सल्ला देणाऱ्याला ठाऊक नसते. न मागितलेल्या टीकेत चुकीची टीका बरोबर टीकेइतक्याच आत्मविश्वासाने येते, आणि नवख्या लेखकाला दोहोंतला फरक करता येत नाही. प्रमाण मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी तो निवेदनापुरता धरावा. संवादाला हात लावू नये.

काही सूचना मात्र टीकेत मोडत नाहीत आणि त्या न मागता दिल्या तरी चालतात. गंभीर हिंसेचा किंवा अन्य ठरीव प्रकारचा मजकूर असताना इशारा राहून गेला असेल, एखादे प्रकरण दोनदा चढले असेल किंवा मजकूर मध्येच तुटला असेल, तर दोन ओळींत नम्रपणे कळवावे. टंकनाच्या चुका हा काठावरचा विषय आहे. लेखकाने टिपेत ‘चुका सांगा’ म्हटले असेल तरच सांगाव्यात, असे मी मानतो. वाङ्मयचौर्य किंवा छळ दिसला तर कमेंटमध्ये भांडत बसू नये. त्यासाठी संस्थेचा स्वतंत्र तक्रार विभाग आहे.

वाचण्यासाठी खाते लागत नाही, काही रचना तेवढ्या खातेधारकांपुरत्या राखलेल्या असतात. खात्यासाठी ईमेल देऊन निमंत्रणाच्या रांगेत थांबावे लागते. पहिली कथा चढवणाऱ्याने खाते नसलेल्या पाहुण्यांच्या कमेंट बंद ठेवाव्यात, उरलेल्या आधी वाचून मग प्रसिद्ध कराव्यात, आणि कथेच्या सुरुवातीच्या टिपेत पहिल्याच ओळीत टीका हवी की नको ते लिहावे. हवी असल्यास कथानकावर हवी, भाषेवर हवी की पात्रांवर, हेही नमूद करावे. लेखकाच्या हाती दिलेल्या नियंत्रणासाठी मी या सेवेला पाचपैकी पाच गुण देईन, आणि टीका मागणाऱ्याची गाठ टीका देऊ शकणाऱ्याशी घालून देण्यासाठी दोन.