छापील आयसीडी जवळ ठेवून आठ महिने: डीव्हीटीच्या चार्टपुरता अनुभव

सांगलीत घरूनच अमेरिकेतल्या रुग्णालयांचे चार्ट कोड करते, म्हणजे रुग्णांच्या नोंदी वाचून प्रत्येक आजाराला ठरलेला कोड देते. कंपनीचं सॉफ्टवेअर आहेच. तरी आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडांच्या अमेरिकन यादीतलं रक्ताभिसरणाचं प्रकरण (पीडीएफ अमेरिकन सरकारच्या साइटवर फुकट मिळते) छापलं आणि विश्रामबागेतल्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घेतलं. आता त्याशिवाय डीव्हीटीचा (खोल शिरेतली, बहुतेक वेळा पायातली, रक्ताची गुठळी) चार्ट बंद करत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये नुसतं 'डीव्हीटी' टाकलं की आय८२.४०९ वर येतं, म्हणजे शीर कुठली ते नाही, पाय कुठला तेही नाही. घाईत तेच निवडलं जातं. पानावर मात्र फेमोरल, इलियाक, पॉप्लिटिअल, टिबिअल या शिरा एकाखाली एक दिसतात. शेवटचा आकडा १ म्हणजे उजवा, २ डावा, ३ दोन्ही. डोळ्यांसमोर असलं की रिपोर्ट पुन्हा उघडून बघावासा वाटतो.

तिसऱ्या महिन्यात एका डॉप्लरमध्ये (शिरांच्या सोनोग्राफीत) 'सुपरफिशियल फेमोरल व्हेन', डावी बाजू, ताजी गुठळी असं होतं. सुपरफिशियल म्हणजे वरवरची, म्हणून मी वरवरच्या शिरांच्या आय८२.८१ कडे निघाले होते. पान उलटताना फेमोरल आय८२.४१ खाली दिसली आणि थांबले. नाव काहीही असो, ही शीर खोलच आहे. कोड आय८२.४१२. सासूबाईंना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मिरजेत डीव्हीटी झालं होतं. पायातली गुठळी फुप्फुसात गेली तर काय होतं, हे तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं. त्या चार्टमधली गुठळी 'वरवरची' म्हणून नोंदली गेली असती तर, हा विचार अजून जात नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो 'डीव्हीटी, अ‍ॅपिक्साबॅन चालू' एवढ्याच ओळीवर (ही रक्त पातळ ठेवणारी गोळी). ताजी म्हणून आय८२.४, जुनाट म्हणून आय८२.५, की होऊन गेलेली म्हणून झेड८६.७१८? गोळी चालू आहे म्हणून आपण ठरवायचं नाही, दिवस मोजूनही नाही. डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवायची, आणि उत्तर सुचवणारी नको: सगळे पर्याय द्यायचे, 'सांगता येत नाही' हासुद्धा.

तोटे आहेत. वेग कमी होतो, महिनाअखेरीला ते बोचतं. दरवर्षी १ ऑक्टोबरला नवे कोड लागू होतात, तेव्हा जुनी प्रत धोक्याची. मैत्रिणीच्या २०१८च्या पुस्तकात पेरोनिअल आणि पोटरीच्या स्नायूंतल्या शिरांचे वेगळे कोड नव्हतेच, ते २०१९च्या ऑक्टोबरात आले. इंडेक्स (आजाराच्या नावावरून कोड शोधायची सूची) मी छापला नाही, ती चूक झाली. येत्या ऑक्टोबरला तो छापेन आणि आय८२ची पानं लॅमिनेट करेन, कडा आत्ताच फाटल्यात.