मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर आणि नर्व्ह मॉनिटर: पैसे कुठे वसूल होतात

मेड्युलरी हा थायरॉईडच्या कॅन्सरचा विरळ प्रकार. त्याच्या पेशी आयोडीन शोषत नाहीत, त्यामुळे ऑपरेशनमध्ये राहून गेलेली गाठ नंतर रेडिओआयोडीनने जाळता येत नाही. म्हणून पूर्ण थायरॉईडसोबत मानेच्या मधल्या कप्प्यातल्या लसिका ग्रंथीही काढतात. आवाजाची रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह जाते ती नेमकी याच कप्प्यातून. ऑपरेशन चालू असताना ही नर्व्ह काम करते आहे का, हे दाखवणाऱ्या मॉनिटरचा खरा कस इथे लागतो.

त्याआधीच्या तपासण्यांना मात्र हे यंत्र पर्याय नाही. एफएनएसीत (सुईने गाठीतल्या पेशी काढून केलेल्या तपासणीत) शंका आली की रक्तातलं कॅल्सिटोनिन आणि सीईए (या कॅन्सरचे निदर्शक), आरईटी जनुकाची तपासणी, मानेची सोनोग्राफी आणि दुर्बिणीतून स्वरतंतूंची हालचाल पाहायलाच हवी. मेटानेफ्रिन तपासून फिओक्रोमोसायटोमा (अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ) नाही याची खात्री केल्याशिवाय तर भूलच देऊ नये. ती गाठ लपून राहिली, तर टेबलवर रक्तदाब जीवघेणा भडकू शकतो.

यंत्र तसं साधं आहे. भुलीच्या नळीवरचे इलेक्ट्रोड स्वरतंतूंना टेकतात, सर्जन प्रोबने (नर्व्हला टेकवायच्या सळीने) १ ते २ मिलिअँपिअर करंट देतो आणि स्नायू आकुंचन पावला की पडद्यावर लाट उमटते. गडबड होते ती जोडणीत. मान मागे टाकली की नळी सरकते किंवा फिरते, म्हणून पोझिशन दिल्यावर व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने पुन्हा बघा. इम्पिडन्स (इलेक्ट्रोडच्या जोडणीतला विद्युत अडथळा) ५ किलोओहमच्या आत हवा. स्नायू शिथिल करणारं औषध जास्त झालं, तर नर्व्ह धडधाकट असूनही लाट येत नाही. भूलतज्ज्ञाशी हे आदल्या दिवशीच बोलून ठेवावं.

वापराचा क्रम सोडू नका: सुरुवातीला व्हेगस (रिकरंट जिची शाखा आहे ती मुख्य नर्व्ह), मग रिकरंट, गाठ निघाल्यावर पुन्हा रिकरंट आणि शेवटी व्हेगस. फक्त रिकरंट तपासून थांबणं चुकीचं. इजा प्रोबच्या मागे, छातीच्या बाजूला असेल, तर तिथून पुढे नर्व्ह उत्तर देतच राहते.

लाट १०० मायक्रोव्होल्टच्या खाली गेली, तर आधी व्हेगसला करंट देऊन स्वरयंत्राच्या मागे बोट ठेवा. बोटाला आकुंचन जाणवलं तर दोष नळीचा. नाही जाणवलं, तर ताण सोडून सुमारे वीस मिनिटं थांबा. तरीही लाट परतली नाही, तर दुसरी बाजू त्याच दिवशी करायची का, हा गंभीर प्रश्न आहे. दोन्ही स्वरतंतू लुळे पडले तर श्वासासाठी ट्रॅकिऑस्टॉमीची (गळ्यातून श्वासनलिकेला छिद्र पाडण्याची) वेळ येऊ शकते. आमच्या मते मॉनिटरची सगळी किंमत या एका निर्णयात वसूल होते.

उणिवा आहेत. साधा मॉनिटर प्रोब टेकवल्यावरच बोलतो. दोन स्पर्शांच्या मधे नर्व्ह ताणली गेली तर ते त्याला कळत नाही. त्यासाठी व्हेगसवर सतत चालणारा इलेक्ट्रोड लागतो, आणि तो बसवताना व्हेगस मोकळी करावी लागते. पॅराथायरॉईड (थायरॉईडला चिकटलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथी) वाचवायला यंत्राचा काही उपयोग नाही. नळी एकदाच वापरायची असते. ती धुऊन पुन्हा घातली की सिग्नलवर विश्वास ठेवता येत नाही आणि संसर्गाचा धोका वेगळाच.

पहिल्याच वेळच्या, एका बाजूच्या छोट्या गाठीसाठी अनुभवी हाताला याची सक्ती नसावी. मेड्युलरीत, आणि दुसऱ्यांदा उघडलेल्या मानेत, आम्ही याशिवाय सुरुवात करू नये असंच सांगू.